दोन ओ

आमच्या भाषेत डोंगराला तोओ म्हणतात.
लिहिताना दोन ओ लागतात.
"एक गाळलास," बुरुलकान एजे म्हणायची,
"की डोंगर खाली बसतो."
फळ्यावर दोन गोल काढायची
आणि खिडकीकडे बोट करायची:
बघा, बसला का?

ती स्वतः शिकली लॅटिन अक्षरांत.
बारा-तेरा वर्षांची असताना वरून हुकूम आला, लिपी बदलली,
एका उन्हाळ्यात अख्खं गाव पुन्हा अडाणी झालं.
जुन्या वहीशेजारी नवी वही ठेवून
तिनं शब्द न् शब्द उतरवून काढला,
तेव्हा दिसलं, ओ तेवढा तसाच राहिलाय.
हे ती पुढं ऐंशी वर्षं सांगत आली,
हरवलेलं कोकरू सापडल्यासारखी.

सोळाव्या वर्षी शिक्षिका.
मास्तर लढाईवर गेलेले. परतला एकच,
तोही डाव्या हातानं लिहायला शिकत.
मागच्या बाकावरची मुलं तिच्याहून उंच.
प्रत्येकानं सकाळी एक गोवरी आणायची, शेगडीसाठी.
ज्यानं आणली नाही
त्याला ती शेगडीला चिकटून बसवायची.
ही शिक्षा नव्हती, हे माझ्या आईला
चाळिशीत कळलं.

आजोबा सादिरबेक ट्रक चालवायचे. अंगठेबहाद्दर.
लग्नानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात
खिंडीतून त्यांची पहिली चिठ्ठी आली:
बर्फ आहे. उद्या येतो. पीठ मळून ठेव.
तिनं तीन चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या
आणि ती चिठ्ठी, तिच्या आईचं कुराण ज्या फडक्यात असायचं,
त्यात गुंडाळून ठेवली.

सात बाळंतपणं. दोन पोरं नदीपलीकडच्या उतारावर.
त्यांची नावं तिच्या तोंडून आम्ही ऐकली नाहीत.
पण जेवायला बसताना दोन कटोरे जास्त मांडायची,
पाहुणे येतील म्हणायची.
यायचेही.

सुनांना तिचा धाक होता, खोटं कशाला बोलू.
माझी आई तर आधी तिची विद्यार्थिनी, मग सून,
म्हणजे दुहेरी.
पहिल्याच दिवशी आईनं चहा काठोकाठ ओतला.
एजेनं कटोरा उचलून बघितला. "मला घालवतेस?"
आमच्याकडं अर्धाच ओततात. अर्धा म्हणजे
अजून बस, पुन्हा ओतीन.
भरलेला म्हणजे ऊठ आता.

राज्य मोडलं त्या वर्षीचा पगार मिळाला
रबरी बुटांत. अकरा जोड, सगळे एकाच मापाचे.
त्या हिवाळ्यात पहिलीतली अकरा पोरं
आपापल्या बापाचे पाय घातल्यासारखी
फताक फताक शाळेत आली.
ती स्वतः जुन्याच नमद्याच्या जोड्यात.

मॉस्कोत रस्त्यावरचा बर्फ ओढणारे नातू
फोनवर चार ओळी लिहायचे.
ती चुका काढून परत पाठवायची,
पैसे आले का, ते नंतर बघायची.

त्र्याण्णव.
शेवटच्या आठवड्यात आईनं नेहमीसारखा
अर्धा कटोरा पुढं केला.
ती म्हणाली, "भरून दे, अनिपा."
आईनं ऐकलं नाहीसं केलं.
दुसऱ्या दिवशीही.
तिसऱ्या दिवशी भरून दिला,
हात असा थरथरत होता की
निम्मा बशीतच गेला.

अंगणात काळजीच्या त्या दिवसांतला तंबू उभा राहिला.
बायका सूर लावून रडत होत्या,
एकीनं ओळ उलटीसुलटी म्हटली
आणि सगळ्याजणी दचकून
पडद्याआड बघायला लागल्या.

आमच्यात बायका मातीला जात नाहीत.
तिसऱ्या दिवशी मी शाळेवरून गेले.
दारावर नव्या मुख्याध्यापकांचा कागद होता:
शाळा बंद. सगळे डोंगराकडे.
डोंगराला एकच ओ घातलेला,
आणि त्याला खेटून, जागा नसताना,
लाल शाईत दुसरा.

अक्षर कुणाचं, ओळखता येईना.
आमच्या गावात सगळ्यांचंच अक्षर
तिच्यासारखं आहे.